बडनेऱ्याचे कागद कुठे आहेत?

बडनेऱ्याचे कागद बडनेऱ्यात नाहीत. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा असा येत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. या रुळाने गावाचे नशीब बदलले, पण त्या कंपनीचे जुने अहवाल चाळायचे तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची वाट धरावी लागते. त्या काळी वऱ्हाड नावाला निजामाचे होते. २१ मे १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला होता आणि तो हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली चाले. त्यामुळे त्या पन्नास वर्षांचा पत्रव्यवहार रेसिडेन्सीच्या दफ्तरात जमा होत गेला आणि त्यातले पुष्कळसे आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, तेव्हा कागदांची दिशा नागपूरकडे वळली. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र, आणि ती दिशा मुंबईकडे गेली. राजवट बदलली की दफ्तर उठून दुसऱ्या शहरात जायचे, असे वऱ्हाडाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा झाले.

खासगी कागदांचीही हीच गत. दादासाहेब खापर्डे अमरावतीचे नामांकित वकील, लोकमान्य टिळकांचे सहकारी, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. त्या अधिवेशनाला रेल्वेने आलेली मंडळी बडनेऱ्यावरूनच पुढे गेली. खापर्ड्यांनी वर्षानुवर्षे नेमाने रोजनिशी लिहिली. त्या रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि अमरावतीच्या शाळेतल्या मुलाला त्यांचे एक पानही पाहायला मिळत नाही.

संग्रहालये आणि अभिलेखागारे यांच्यासाठी शैक्षणिक संकेतस्थळे कशी रचावीत, हा या पुस्तकाचा विषय. या विषयावरचे बहुतेक लेखन युरोप-अमेरिकेत झाले आहे. आधी एक भक्कम इमारत असते, तिच्यात वस्तू असतात, पाहायला येणारे लोक असतात, आणि त्या सगळ्याला जोड म्हणून संकेतस्थळ उभे राहते, असे त्या लेखनात गृहीत धरलेले दिसते. वऱ्हाडात हा क्रम उलटा लावावा लागेल. हैदराबाद, दिल्ली, नागपूर, मुंबई आणि लंडन येथे विखुरलेला ठेवा एका छताखाली कधीच येणार नाही. कोणतेही अभिलेखागार आपले मूळ कागद हातचे सोडत नाही, आणि सोडूही नयेत. पण त्यांच्या प्रतिमा, नोंदी आणि वाचने एका पडद्यावर शेजारी-शेजारी मांडता येतात. आपल्या भागासाठी संकेतस्थळ हीच संग्रहालयाची पहिली इमारत ठरू शकते, असे मला मनापासून वाटते. हे पुस्तक त्या विश्वासातून लिहिले आहे.

मात्र अशी इमारत बांधायची तर नेहमीचा आराखडा उपयोगी पडत नाही. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर सहसा काय असते? उघडण्याच्या वेळा, तिकिटाचे दर, संचालकांचे मनोगत, दालनांची छायाचित्रे. अलीकडे त्यात बाणावर बोट ठेवून रिकाम्या दालनातून फिरण्याची सोय आली आहे. मूल दोन मिनिटे फिरते, काचेच्या कपाटांवरून नजर टाकते आणि निघून जाते. बोट ठेवले की चित्र हलले, एवढ्याने संवाद होत नाही. मुलाने काहीतरी ठरवावे, त्या ठरवण्याला पुराव्याने उत्तर द्यावे, आणि त्या उत्तराने मुलाला पुन्हा विचार करावा लागावा, तेव्हा कुठे संवाद सुरू होतो. यात बोट कमी आणि डोके जास्त चालते.

एका धड्याचा आराखडा इथे जरा सविस्तर मांडतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांची भिस्त त्यावर आहे. विषय कापसाचा. पडद्यावर वऱ्हाडाचा नकाशा आहे. त्यावर नद्या आहेत, डोंगर आहेत, बाजारपेठा आहेत. रूळ नाहीत. साल १८५०. तुम्ही अमरावतीचे व्यापारी आहात, कापूस समुद्रापर्यंत पोचवायचा आहे. कोणत्या वाटेने धाडाल? बहुतेक मुले मुंबईकडे बोट नेतील, आणि मग त्यांना कळेल की अमरावतीचा कापूस एकेकाळी बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे, तिथून नावेने कलकत्त्याला. इतका लांबचा पल्ला कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप उभा राहील. मुंबईच्या वाटेत काय होते? घाट किती, पावसाळ्यात रस्ता कसा, काळ्या मातीत चाक किती रुतते? उघड्या वाटेने महिनाभर चाललेल्या रुईत किती धूळ बसते आणि तिचा भाव किती पडतो? मुलाने आधी आपला अंदाज लिहायचा. तो लिहिल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. पुढच्या पानावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा शेरा नसतो. तिथे कागद असतात, आणि त्यातला कोणता कागद आपल्या अंदाजाच्या बाजूने बोलतो व कोणता विरुद्ध, हे मुलालाच लावायचे असते.

मग नकाशावर साल पुढे सरकते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटते, तिकडच्या कापसाची आवक आटते आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळतात. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत, आणि ते नाव अमरावतीवरून पडले होते. १८६५ मध्ये युद्ध संपते, भाव कोसळतात. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत गाडी धावते. अमरावती कापसाची मोठी पेठ असूनही मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो आणि अमरावतीला पुढे शाखामार्ग मिळतो. असे का? नकाशावर उंचसखल भाग दाखवणारा थर चढवा, नद्यांचा थर चढवा, पुलांचा खर्च डोळ्यांसमोर आणा, सरळ रेषेत नागपूर गाठायचे तर रूळ कुठून जाईल ते बोटाने आखून पाहा. बडनेऱ्याची मुले या स्टेशनावरून रोज ये-जा करतात. आपले गाव जंक्शन कसे झाले, हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतः शोधून काढता आले तर त्यांची इतिहासाशी ओळखच वेगळ्या तऱ्हेने होईल.

या धड्यात एक कागद मी मुद्दाम मध्यभागी ठेवला आहे. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये निघाले. नागपूरपर्यंत रूळ पोचून तेव्हा तीन वर्षे झाली होती. या ग्रंथात माहिती अफाट आहे, आणि ती राज्यकर्त्याच्या नजरेची आहे. कोणत्या मातीत काय पिकते, किती सारा बसतो, कोणती जात कशी वागते, हे सांगताना लिहिणारा कोणत्या खुर्चीत बसला आहे याचा विसर पडू देता कामा नये. अमेरिकी अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकार आणि शाळकरी मुले यांना तेच कागद वाचायला देऊन दोघांच्या वाचनाची तुलना केली होती. तो अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहासकार मजकुराला हात घालण्याआधी कागद कुणाचा, कधीचा, कुणासाठी लिहिलेला हे पाहत होते. मुले पहिल्या ओळीपासून सुरुवात करून शेवटच्या ओळीवर थांबत होती. चांगले शैक्षणिक संकेतस्थळ मुलाला नेमक्या याच ठिकाणी आडवे येते. मजकूर दिसण्याआधी ते लेखकाचे नाव, साल आणि वाचक कोण हे विचारते. आपल्याकडे दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या परंपरा आहेत, उपयोजित इतिहास आहे, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यावर स्वतंत्र पाठ आहे. साधने तपासून पाहावीत हे मूल तिथे वाचते, पण तपासायला त्याच्या हातात एकही साधन येत नाही. ती उणीव संकेतस्थळाने भरून काढावी.

गॅझेटियरच्या शेजारी दुसरा आवाज हवा, आणि मराठीत तो सुदैवाने उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणे केली आणि त्यांची संगणकीय नोंद उभी केली. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तिथे ओवी मराठीत वाचता येते, गाणारीच्या आवाजात ऐकता येते. गाणारीचे नाव, गाव आणि छायाचित्र दिसते. मराठीतल्या शैक्षणिक अभिलेखागाराचा इतका चांगला नमुना मला दुसरा ठाऊक नाही. ज्या बायकांचे नाव कोणत्याही सरकारी दफ्तरात नाही, त्या इथे स्वतःच्या नावाने उभ्या आहेत. कष्टांवर, सासर-माहेरावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर त्यांनी रचलेल्या ओव्या ऐकल्या की गॅझेटियरमधल्या ‘रयत’ या शब्दामागे माणसे दिसू लागतात. वऱ्हाडच्या धड्यात गॅझेटियरचे पान आणि निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईचा आवाज, दोन्ही एकाच पडद्यावर असले पाहिजेत. १८९९–१९०० च्या दुष्काळाकडे वळताना तर हे अटळच आहे. त्या वेळी वऱ्हाडात रूळ होते, कापसाचा पैसा होता, तरी माणसे फार मेली. सरकारी अहवालांतले आकडे तेवढे ठेवून हा पाठ शिकवला तर तो अर्धाच शिकवला जाईल.

देशात डिजिटल दालने उभी करण्याचे मोठे काम झाले आहे, आणि त्यातला महत्त्वाचा वाटा महाराष्ट्रातून गेला आहे याचा मला अभिमान वाटतो. पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही संग्रहालयांसाठीची प्रणाली घडवली. तिच्या आधारे २०१४ मध्ये भारतातल्या संग्रहालयांचे राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय यांच्या वस्तू त्यावर पाहता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ मध्ये आले. २०१९ मध्ये सुरू झालेले ‘इंडियन कल्चर’ हे पोर्टल मुंबईच्या आयआयटीने घडवले. संशोधकाला ही दालने फार मोलाची आहेत, कारण काय शोधायचे ते त्याला आधीच माहीत असते. शाळकरी मुलाला ते माहीत नसते. त्याच्यासमोर रिकामी शोधपेटी ठेवणे म्हणजे भरल्या बाजार समितीच्या बंद फाटकाबाहेर त्याला उभे करणे. या भांडारांच्या वर धड्यांचा एक थर चढवावा लागतो, आणि तो त्या-त्या भागाला जाणणाऱ्या शिक्षकांनीच चढवावा लागतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ मध्ये आपली चित्रे उत्तम दर्जाच्या प्रतींत सर्वांना मोफत दिली. हव्या त्या चित्राचा हवा तो तुकडा कापून घ्या, आपला स्वतःचा संग्रह करा, म्हणून सांगितले. लोक त्या चित्रांवर प्रेमाने तुटून पडले. ठेवा खुला केल्याने संग्रहालयाचे महत्त्व घटत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक विश्वस्तांना अजून पटवून द्यावी लागते.

शोधपेटीचा विषय निघालाच आहे तर नावांच्या घोळाबद्दल सांगायला हवे. इंग्रजी कागदांत अमरावतीची स्पेलिंगे निरनिराळी सापडतात. अचलपूर हे एलिचपूर या नावाखाली दडलेले असते. मुलाने मराठीत ‘अचलपूर’ टाकले आणि एकही निकाल आला नाही, तर ते समजणार की आपल्या गावाला इतिहासच नाही. यावर उपाय म्हणजे सर्व पर्यायी नावे एका नोंदीखाली बांधणारी स्थलनामांची यादी. ती कंटाळवाण्या कष्टांनी तयार होते आणि संकेतस्थळावर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण बाकी सगळे काम तिच्यावरच उभे असते. वस्तूंचेही तसेच. डवरा, वखर, तिफन, सरता ही औजारांची नावे नोंदीत नसतील, तर ती रोज हाताळणाऱ्या घरातल्या मुलीला ती सापडणार नाहीत. युनिकोडच्या आधी निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेले मराठी मजकूर आजही संस्थांच्या संगणकांत पडून आहेत. ते वाचता येतात, शोधता येत नाहीत. ते युनिकोडमध्ये आणणे हे पहिल्या वर्षाचे काम समजावे. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे.

मोडी कागद वाचणारे थोडे आणि कागद अमाप, ही अडचण जगात इतरत्र वेगळ्या रूपात आलीच होती. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ या उपक्रमात सामान्य लोकांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या नोंदवह्या घरबसल्या वाचून हवामानाच्या नोंदी उतरवल्या, आणि त्या हवामानशास्त्रज्ञांच्या कामी आल्या. एकच पान अनेकांना वाचायला द्यायचे आणि त्यांची वाचने ताडून पाहायची, अशी ती साधी युक्ती. मोडी शिकलेले निवृत्त शिक्षक, इतिहासाचे विद्यार्थी, मोडीच्या वर्गांना जाणाऱ्या गृहिणी यांना असे काम दिले तर ते आनंदाने करतील. बडनेऱ्यात याला आणखी एक बाजू आहे. इथल्या किती तरी घरांत रेल्वेची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. हातकंदील, पुठ्ठ्याची तिकिटे, बदलीचे हुकूम, निरोपसमारंभाचे फोटो, मूर्तिजापूरहून एकेकाळी सुटणाऱ्या ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीच्या आठवणी ही सारी सामग्री घराघरांत आहे. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले. ते १९९४ पर्यंत धावले. त्या इंजिनावर राबलेल्यांच्या आणि त्या गाडीने शाळेला गेलेल्यांच्या तोंडून ते ऐकणे अजून शक्य आहे, आणि हे काम दुसऱ्या कोणत्याही कामाआधी हाती घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कागद आणखी दहा वर्षे थांबू शकतो. मुलाने आजोबांच्या फोटोची माहिती भरली, तारीख कशावरून ठरवली ते लिहिले, दुसऱ्या घरातल्या फोटोशी ताडून पाहिले, की त्याला अभिलेखपालाचे काम काय असते ते कळले.

सगळेच मात्र पडद्यावर आणायचे नसते. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे तीर्थ. लीळाचरित्राचा जन्म तिथला. या पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपल्या. त्या पोथ्यांच्या प्रतिमा जगापुढे ठेवायच्या की नाहीत, कोणत्या ठेवायच्या, कुणाच्या हाताने, हे मठांशी आणि उपासकांशी बसूनच ठरले पाहिजे. मेळघाटात कोरकू गाणी ध्वनिमुद्रित करतानाही हेच लागू. गाणाऱ्याला आधी ऐकवावे, कुठे आणि कुणाला दिसणार ते त्याच्या भाषेत समजावावे, आणि नंतर नको म्हटले तर काढून टाकण्याची सोय ठेवावी. असा नकार आला तरी काम पुढे चालू राहील, अशी रचना पहिल्या दिवसापासून हवी.

तंत्राची प्रकरणे पुस्तकाच्या उत्तरार्धात आहेत, त्यांच्याविषयी इथे थोडक्यात. खेड्यातले मूल संकेतस्थळ पाहणार ते बहुधा घरातल्या एकुलत्या मोबाइलवर, बाबा शेतातून परतल्यावर, उरलेल्या डेटावर. म्हणून पान हलके हवे. मोठा नकाशा एकदम न उतरवता दिसणाऱ्या भागापुरता तुकड्यांनी यावा. संपूर्ण धडा एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही चालावा. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी प्रत्येक चित्राचे वर्णन शब्दांत हवे, आणि ते वर्णन मराठीत हवे. आणखी एक धडा अलीकडच्या इतिहासातला आहे. २००० नंतरच्या दशकात जगभरच्या संग्रहालयांनी मुलांसाठी फ्लॅशमध्ये सुंदर खेळ बनवले. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले आणि त्यातले असंख्य खेळ एका रात्रीत मुके झाले. ज्यांनी मूळ प्रतिमा, मजकूर आणि नोंदी खेळापासून वेगळ्या, साध्या स्वरूपात जपल्या होत्या त्यांना नवा खेळ बांधता आला. बाकीच्यांचे सगळेच गेले. कागद शतकभर टिकावा म्हणून धडपडणाऱ्या संस्थेने त्याची डिजिटल प्रत दहा वर्षांत गमावणे मला असह्य वाटते. त्यामुळे या पुस्तकात जतनाचे प्रकरण मी आराखड्याच्या प्रकरणाआधी घेतले आहे.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: शाळेतले इतिहासाचे आणि भूगोलाचे शिक्षक, छोट्या संस्थांचे ग्रंथपाल व अभिलेखपाल, आणि संगणक शिकलेली आपल्याकडची तरुण मुले-मुली. ही तीन माणसे एका टेबलाशी बसल्याशिवाय असे संकेतस्थळ होत नाही. त्यांनी पहिल्या बैठकीत नाव, रंग, बोधचिन्ह यांवर वेळ घालवू नये. आपल्या गावाविषयीचा एकच कागद टेबलावर ठेवावा आणि दहावीच्या मुलाला त्यावर कोणते प्रश्न पडतील ते लिहून काढावे. शक्य तर एखाद्या मुलाला तिथे बोलवावे. डोमेनचे वार्षिक पैसे कोण भरणार, आलेल्या पत्रांना उत्तर कोण देणार आणि शिक्षकाची बदली झाली की काम कुणाच्या हाती जाणार, ही तीन नावेही त्याच बैठकीत कागदावर यावीत. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी त्यासाठी एक कोरे पान सोडले आहे.